पंचेचाळिसावा किलोमीटर

५ ऑक्टोबर, रविवार

वृंदा म्हणते, रोज एकाचे आभार लिही, डोकं ताळ्यावर राहतं. वृंदा माझी ऑफिसातली मैत्रीण, तिला कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये हे शिकवलंय. ठीक आहे, लिहिते. आजचे आभार त्या ट्रकवाल्याचे, ज्यानं वेळेवर ब्रेक मारला.

जयपूर हायवेवर, मानेसरच्या बरंच पुढे, मधल्या लेनमध्ये ऐंशीच्या वेगात माझी मोटरसायकल खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. मागून हॉर्नचा असा काही आवाज आला की डावीकडे कशी पोचले तेच आठवत नाही.

मग शहाण्या माणसासारखी क्रमानं तपासणी केली. चौदा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरते मी. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, काठोकाठ होतं. झाकण लावलं. प्लगची टोपी ओढून पुन्हा घट्ट बसवली. वीस मिनिटं थांबले. बटण दाबलं आणि बाई काही घडलंच नाही अशा थाटात सुरू! घरी येईपर्यंत एकदाही कुरकुर नाही. बंद पडली तेव्हा मीटरवर पंचेचाळीस किलोमीटर होते.

गाडी बारा वर्षांची आहे, कार्बुरेटरवाली. ऑगस्टमध्ये पालमच्या एका फौजी गृहस्थांकडून घेतली. मे महिन्यात मी चाळीस वर्षांची होणार आणि तो दिवस स्पितीत घालवणार, एकटी, असं ठरवलंय. राघवला, म्हणजे नवऱ्याला, ते पटलंय असं तो म्हणतो.

आईंना पटलेलं नाही. आई म्हणजे राघवची आई, अरुणाताई. बाबा गेले तेव्हापासून, तीन वर्षं, आमच्याकडे दिल्लीत द्वारकेला आहेत. मी त्यांना आई म्हणते, त्या मला फारसं काही म्हणत नाहीत. दसऱ्याला गाडीची पूजा केली तशीच आज पहाटेही आठव्या मजल्यावरून चांदीचा करंडा घेऊन खाली आल्या. टाकीच्या झाकणावर ओलं हळदकुंकू, त्यावर अक्षता. लांब जाताना लावायचंच म्हणे. मला फक्त "जपून." गाडीला हळदकुंकू आणि सुनेला कोरडं 'जपून'!

१२ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी सेक्टर बारातल्या मेकॅनिककडे गेले होते. तो गाडीकडे बघेना, माझ्या मागे बघत राहिला. "भैया नहीं आए?" म्हटलं, भैया को मोटरसायकल चलानी नहीं आती. त्यावर म्हणाला, "तो फिर भैया से फोन करवा देना." घरी आले आणि पाना मागवला. आता जे काय करायचं ते मीच करणार.

काल आयुष्यातला पहिला प्लग बदलला. दोन व्हिडिओ, तीन नखं आणि अडीच तास लागले. जुना प्लग काळा पडला होता, त्यामुळे गुन्हेगार सापडला असं वाटून मी राघवला मिठी मारली, ग्रीसच्या हातांनी. त्याचा शर्ट ऑफिसचा होता.

आज पुन्हा त्याच रस्त्यानं गेले. आईंनी खाली येऊन झाकणावर बोटं टेकवली, "जपून." त्रेचाळीस किलोमीटरला गाडी गप्प. या वेळी डावीकडच्याच लेनमध्ये होते म्हणून निभावलं. झाकणावरचं कुंकू रुमालानं पुसून (अक्षता टाकीत पडायला नकोत) पेट्रोल पाहिलं, ते भरपूर. प्लगची टोपी हलवली, पंधरा मिनिटं थांबले आणि गाडी सुरू झाली.

म्हणजे प्लगची वायर. टोपी हलवली की सुरू होते, दोन्ही वेळा तसंच झालंय. आजचे आभार माझ्या चिकाटीचे. आपले आपण मानलेले चालतात का, वृंदाला विचारायला हवं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

वायर बदलली. तरी परवा एक्केचाळीसला बंद. मग दिवाळीच्या सुट्टीत कार्बुरेटर उघडायचं ठरवलं.

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्याचे चोवीस तुकडे मांडले. प्रत्येकाचा फोटो काढला, वर नंबर टाकला. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता पेट्रोलच्या वासावरून बोलणार. तर म्हणाल्या, "दिवे लावायच्या आत आवर म्हणजे झालं." आणि खाली बसल्या की! पितळेचा बारीक जेट हातात घेऊन उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला. "हा तर स्टोव्हचा बर्नर आहे गं. आम्ही रोज पिन मारायचो. मोठ्या भागांचं काही नसतं, अडतं ते या असल्या भोकापाशीच." बांगडीतली सेफ्टी पिन काढून द्यायला लागल्या. म्हटलं, नको, लोखंडानं भोक मोठं होतं. तर आत जाऊन केरसुणीची काडी घेऊन आल्या.

अर्धा तास आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा, असं वाटतं. मी त्यांना लहानपणीचं विचारणार होते, पण तेवढ्यात शेजारची देविका फराळाचं ताट घेऊन आली. आईंनी करंडा काढला आणि माझ्या हातात दिला, "तिला हळदकुंकू लाव." स्वतः उठून आत गेल्या. पाहुणी आली की या अशाच आत जातात. माणूसघाणेपणा म्हणावा का याला? लिहिलं खरं, पण आज तरी लिहायला नको होतं. आजचे आभार केरसुणीच्या काडीचे.

९ नोव्हेंबर, रविवार

कार्बुरेटर आरशासारखा लख्ख आहे. सेहेचाळीसला बंद पडली.

हवा इतकी वाईट होती की समोरच्या गाडीचे दिवे दिसत नव्हते. मी कडेला थांबले होते आणि बाजूनं डंपर जात होते. प्रत्येक वेळी गाडी हलायची आणि मी पण. नेहमीप्रमाणे झाकण, टोपी, वाट बघणं, सुरू. हा क्रम आता झोपेतही करता येईल. भीती मात्र सवयीची होत नाही. स्पितीच्या घाटात असं झालं तर, हे पहिल्यांदा मनात आलं.

राघव जेवताना म्हणाला, "यार रेवती, जयेश मागतोय गाडी. त्याला नोएडात सेक्टरच्या आतच फिरवायचीय. सोच लो." (जयेश त्याचा मित्र.) तो ओरडला असता तर भांडता आलं असतं. काळजीनं म्हणाला, म्हणून मी ताटातच बघत राहिले.

२३ नोव्हेंबर, रविवार

झालं!! चालली!!

गुन्हेगार कॉइल होती. इग्निशन कॉइल, तापली की दम सोडणारी. करोल बागेत नवीन मिळाली. काल बसवली, गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन जोरदार पाण्यानं धुवून घेतली आणि आज पहाटे निघाले. पंचेचाळीस गेले, साठ गेले. ऐंशीला मी हेल्मेटच्या आत आरती म्हणायला लागले. नीमराण्यापर्यंत जाऊन परत. टाकी एकदाही उघडावी लागली नाही.

घरी सांगायला राघव एकटाच होता. आई गुरुवारपासून मयूर विहारला अलकनंदामावशींकडे गेल्या आहेत. पहाटे खाली कुणी आलं नाही, चहासुद्धा मीच केला. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. मी नव्हते आज." आवाज जरा खट्टू वाटला. पूजा चुकली म्हणून असणार.

आजचे आभार कॉइलचे. मनापासून, अगदी डोळ्यांत पाणी आणून.

७ डिसेंबर, रविवार

कॉइल नाही.

आई परत आल्यात. पहाटे खाली येऊन हळदकुंकू लावलं, मागच्या वेळचं राहिलं म्हणून बहुतेक दोनदा. "जपून." मी हसून हात केला. पन्नास किलोमीटरच्या आत, धारूहेड्याच्या अलीकडे, बाई गप्प.

मी कडेच्या कठड्यावर बसून रडले. एक ट्रॅक्टरवाला थांबला, काही न विचारता पाण्याची बाटली देऊन गेला. त्याचे आभार. खरं तर अशा माणसांचेच मानावेत, मी उगाच सुट्या भागांचे मानत बसले होते.

राघव सेक्शन ऑफिसर आहे, त्यामुळे आमच्या घरात भांडणाचंही टिपण होतं. रात्री त्यानं फ्रिजवर कागद लावला: "दि. १४ जानेवारी. द्वारका ते पानिपत व परत. वाहन एकदाही बंद न पडल्यास ठेवण्यात यावे. अन्यथा श्री. जयेश यांस सुपूर्द करण्यात यावे." खाली दोघांच्या सह्या. तारीख मीच सुचवली. दर संक्रांतीला मराठी मंडळाची बस काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला जाते आणि मला यंदा गाडीनं जायचं होतं. राघव म्हणाला, "पानिपतला जा, पण पानिपत करून येऊ नकोस." मला हसू आलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आज गाडी काढली नाही, वही काढली. ऑफिसात करते तसा तक्ता केला. प्रत्येक फेरीला काय काय होतं: थंडी किती, पेट्रोल कुठल्या पंपावरचं, टाकी किती भरलेली, वेग, सामान, मागे वारा की पुढे. आठ रकाने भरले. बंद पडलेल्या सगळ्या फेऱ्या एकसारख्या आणि २३ नोव्हेंबरची तेवढी वेगळी. त्या दिवशी नवीन काय होतं? कॉइल. गाडी धुतलेली होती. आणि आई नव्हत्या म्हणून मी नाश्ता न करता गेले होते. राघव म्हणाला, "मग उपाशी जात जा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एवढी शिकलेली मुलगी, सापडेल तिला." माझ्याशी नाही, राघवशी. पण मला ऐकू येईल अशा बेतानं. आजचे आभार त्याच वाक्याचे.

११ जानेवारी, रविवार

हे लिहिताना मला अजून खरं वाटत नाहीये. आई माझ्यामागे बसून पानिपतला येणार आहेत.

हवा पुन्हा बिघडली, आमची डिझेल कार प्रदूषणाच्या बंदीत अडकून खाली उभी आहे. बस आईंना लागते, सोनीपत यायच्या आत पोटात ढवळतं. गेल्या वर्षी त्या त्यामुळेच गेल्या नाहीत. आज पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "रेवती, तुझ्या घोडीवर दोघी बसतात का गं?"

मग कारण सांगितलं. त्यांच्या माहेरी, नगरकडे, संक्रांतीचा पहिला तिळगूळ पानपतावर गेलेल्यांचा म्हणून वेगळा काढतात आणि संध्याकाळी मुंग्यांना घालतात. कोण गेलं होतं त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. "इतक्या पिढ्या मुंग्यांच्या हाती धाडला. आता एवढ्या जवळ राहते, तर एकदा स्वतः नेऊन ठेवावा." मी म्हटलं, आई, गाडी वाटेत बंद पडेल. तर म्हणाल्या, "तू रडत घरी येतेस तेव्हा रस्त्यात तुझ्याजवळ कुणी नसतं. या वेळी मी असेन."

सहासष्ट वर्षांची बाई! राघव आधी हसला, मग घाबरला, मग त्यानं आईसाठी हेल्मेट आणलं.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

थकलेय, पण आजच लिहायला हवं.

धुकं उठल्यावर साडेनऊला निघालो. आईंनी माझा पंजाबी ड्रेस घातला होता, वर राघवचं जाकीट. तिळगुळाची डबी पोटाशी. स्वतः जायचं म्हणून असेल, आज झाकणावर चांगला जाड मळवट भरला, अक्षता दाबून बसवल्या. सोसायटीतले लोक गॅलऱ्यांतून बघत होते. मागे बसल्या, माझे खांदे धरले आणि म्हणाल्या, "चल. जपून नको म्हणते आज, मीच आहे मागे."

दिल्ली ओलांडेपर्यंत हात खांद्यावर घट्ट होते, मग हळूहळू सैल पडले. कुंडलीच्या पुढे माझ्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "छान वाटतंय गं!" मला इतका आनंद झाला की मी मीटरकडे बघायचं विसरले.

मुरथळच्या पराठ्यांच्या पाट्या सुरू झाल्या आणि गाडी खोकली. सत्तेचाळीस. डावीकडे घेतली. बंद.

संपलं, असंच मनात आलं. अट म्हणजे अट. जयेश उद्या संध्याकाळी येणार. आईंना उतरवलं, कठड्याच्या आत उभं केलं. त्यांनी हेल्मेट काढून हातात धरलं. मी नेहमीच्या क्रमाला लागले, झाकण पुसलं, किल्ली फिरवली, उघडलं.

"कोण हुस्स म्हणालं?" आई म्हणाल्या.

मला काही ऐकू आलं नव्हतं. माझे कान हेल्मेटात, बाजूनं ट्रक. आई जवळ आल्या. "अगं, झाकण उघडल्यावर आत वारा गेला. ऐकलं मी. पुन्हा लाव बघू." मी लावलं, काढलं. आता काही नाही. त्या टाकीत वाकून बघायला लागल्या, मग झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"याला दुसरं भोक कुठंय?"

"कसलं दुसरं?"

"तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो ना आपण? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. एकच पाडलं तर तेल थोडं येतं आणि अडतं. हिचं पेट्रोल खाली जातंय, मग वारा कुठून शिरतो?"

चौदा वर्षांची टेस्टर! प्रत्येक वेळी मी तपासायला म्हणून झाकण उघडत होते आणि तेवढ्यानंच गाडी दुरुस्त होत होती. मी श्रेय देत होते टोपीला, वायरीला, थांबण्याला, कॉइलला. सगळ्यांचे लेखी आभार मानून ठेवलेत मी.

भोक होतं. किल्लीच्या शेजारी, बारीक. मी त्याला स्क्रूची जागा समजत होते. आईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि या वेळी मला विचारलं नाही. टोचून फिरवली. पिनेच्या टोकाला आधी लाल आलं, मग पिवळं, मग तांदळाची कणी. थर होते त्याचे, गाडी धुतल्यानंतर पुन्हा साचलेले, वाळून सिमेंटसारखे झालेले.

आई पिनेकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मीच."

मला हसू फुटलं, आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबले. त्या कठड्यावर बसल्या होत्या. "त्या ट्रकखाली गेली असतीस. माझ्या हातानं." मी म्हटलं, आई, असं काय बोलता, तुम्ही देवाचं म्हणून करत होतात. त्या मान हलवत राहिल्या आणि मग जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते.

"देवाचं नाही गं. तुझं. तू निघालीस की तुझ्या कपाळाला लावावं असं मनात यायचं. दसऱ्याला करंडा उघडून तुझ्याकडे वळलेसुद्धा होते. पण हे गेल्यापासून मी कुणा सवाष्णीला कुंकू लावत नाही. पुढंमागं राघवला काही झालं तर? माझ्या हाताचं म्हणून? मग गाडीला लावायचे. म्हटलं, गाडीला कुठं कळतंय विधवेचा हात."

मला देविका आठवली. पाडव्याला माझ्या हातात दिलेला करंडा आठवला. हळदकुंकवाची बाई आली की आत जाणारी त्यांची पाठ आठवली आणि मी या वहीत लिहिलेला तो शब्दही आठवला. तीन वर्षं एका घरात राहून मी सगळ्याचं कारण शोधत होते, फक्त यांचं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात धरला आणि रडले. त्याही रडल्या. ढाब्यावरचा माणूस येऊन विचारून गेला, "माताजी, सब ठीक?" आई नाक पुसत हिंदीत म्हणाल्या, "सब ठीक. भोक में कचरा था."

पानिपतपर्यंत गाडी पाण्यासारखी गेली.

काला अंबला गर्दी होती. महाराष्ट्रातून आलेल्या बसेस, भगवे फेटे, कुणीतरी माइकवर बोलत होतं. आईंना ते काही ऐकायचं नव्हतं. त्या स्मारकाच्या चौथऱ्याच्या एका कोपऱ्याला गेल्या, डबी उघडली, एक तिळगूळ ठेवला आणि हात जोडून म्हणाल्या, "उशीर झाला. घ्या." एवढंच. मग दुसरा माझ्या हातावर ठेवला. गोड बोल वगैरे काही नाही. म्हणाल्या, "तू अशीच बोल, जशी बोलतेस तशी."

चौथऱ्याच्या फटीतून मुंग्या आल्याच. आई म्हणाल्या, "बघ, यांना पत्ता माहीत आहे."

परत येताना एकदाही थांबलो नाही. आई मुरथळनंतर माझ्या पाठीला टेकून झोपल्या असाव्यात, कारण हेल्मेट हेल्मेटवर आपटत होतं. मी साठच्या वर गेले नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

राघवनं काल काही विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी फ्रिजसमोर उभा राहून म्हणाला, "तो फिर? थांबली का?"

खोटं बोलता येत नाही मला. म्हटलं, हो, एकदा, मुरथळच्या अलीकडे. सगळं सांगणार होते, पण आई आतून लाटणं हातात घेऊनच आल्या. त्या पिनेबद्दल मुलाला सांगतील असं मला वाटलं नव्हतं. सांगितलं, सगळं, सवाष्णीचंसुद्धा. राघव खाली बसला. त्याला तीन वर्षांत हे माहीत नव्हतं, तसंच मलाही नव्हतं, त्यामुळे मी त्याला काही बोलू शकले नाही.

मग आई म्हणाल्या, "ती बंद पडली नाही. मी तिचा श्वास कोंडला. जयेशला द्यायचं तर मला दे."

राघवनं फ्रिजवरचा कागद काढला. आधी मला वाटलं फाडणार. पण सरकारी माणूस, त्यानं खाली लिहिलं, "मातोश्रींच्या अभिप्रायानुसार प्रकरण बंद," सही केली आणि पुन्हा लावला. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिला. जयेशला मी फोन केला. तो म्हणाला, "कोई बात नहीं यार, स्पितीचे फोटो पाठव."

१८ जानेवारी, रविवार

आज नीमराणा. पहाटे लिफ्टचं दार उघडलं आणि आई करंडा घेऊन बाहेर आल्या, नेहमीसारख्या. सवयीनं बोट कुंकवात बुडालं, हात टाकीकडे गेला आणि मध्येच थांबला. झाकणाचं भोक बघून त्यांनी हात मागे घेतला. बोटावर कुंकू तसंच, कुठं पुसावं कळेना अशा उभ्या राहिल्या.

मी हेल्मेट काढलं आणि त्यांच्यापुढे वाकले.

"नको गं."

"आई, गाडीला लावलंत तर पंचेचाळीसला बंद पडेल. मला लावा."

"राघवला..."

"राघवला मी विचारलंय. तो म्हणाला, लवकर लावा, मला थंडी वाजतेय." तो खरंच मागे उभा होता, शालीत.

वॉचमन बघत होता. आईंनी एकदा वर, आठव्या मजल्याकडे पाहिलं, का ते माहीत नाही. मग बोट टेकवलं. थंडगार होतं. भुवयांच्या मधोमध टेकवून त्यांनी ते बोट तिथंच जरा दाबून धरलं. या वेळी 'जपून' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ये लवकर."

एकशे दहा जाताना आणि एकशे दहा येताना, टाकी उघडली नाही. परत आले तर त्या खालीच, उन्हात बाकावर, देविकाच्या शेजारी बसल्या होत्या. हेल्मेट काढलं, कुंकू घामानं पसरून भुवईपर्यंत आलेलं. आई पदराचं टोक ओलं करून पुसायला उठल्या. मी म्हटलं, राहू द्या.